अमळनेरची आठ रविवारांची कला-थेरपी, एका टेलरबाईचा रिव्ह्यू

पंधराशे रुपये भरले त्या दिवशी मी पोरीला चांगलंच बोलले होते, की एवढ्यात सहा ब्लाऊजची शिलाई गेली माझी आणि ती पण अस्तराच्या ब्लाऊजची. पोरगी जळगावला एमएसडब्ल्यू म्हणजे समाजकार्याचं शिक्षण करते, तिच्या कुठल्यातरी ग्रुपवर जाहिरात आलेली, 'एक्स्प्रेसिव्ह आर्ट्स थेरपी, अमळनेर, आठ रविवार, अकरा ते दोन', आणि हिने मला न विचारता माझं नाव टाकून दिलं. वर म्हणे मम्मी तू एकदा तरी स्वतःसाठी काहीतरी कर. मी म्हटलं स्वतःसाठी मी दुपारी अर्धा तास झोपते, ते पुरे आहे.

पण गेले. आठपैकी सात रविवार गेले, एक लग्नसराईत बुडाला, नवरीचे अकरा ब्लाऊज होते काय करणार. आता सगळं होऊन बरेच महिने झाले, तीन-चार जणींनी दुकानात येऊन विचारलं की जाऊ का, तर प्रत्येकीला तेच तेच सांगण्यापेक्षा इथे एकदाच लिहिते. संस्थेचं नाव लिहीत नाही कारण खाली काही तक्रारी पण आहेत, आणि माणसं वाईट नाहीत.

आधी जागेचं सांगून टाकते म्हणजे ते संपेल. स्टेशन रोडच्या बाजूला वरच्या मजल्यावरचा हॉल, लिफ्ट नाही, वर पत्रा. जानेवारीत छान वाटलं, मार्चच्या पहिल्या रविवारी अक्षरशः भाजून निघालो, खान्देशात पत्र्याखाली दुपारी कार्यक्रम ठेवणाऱ्याला अवॉर्ड द्यायला पाहिजे. खाली सतरंजी, गुडघे दुखणाऱ्यांनी आधीच खुर्ची मागून घ्या, मागितली की देतात. टॉयलेट एकच. चहा मात्र फर्स्ट क्लास, आलं घातलेला, आणि पाचव्या रविवारी कोणीतरी घरून शेवभाजी आणि कळण्याच्या भाकरी आणल्या होत्या तो माझ्या मते अख्ख्या कोर्सचा एक नंबर दिवस (हे गमतीने म्हणते, पण फार गमतीने नाही). रविवार ठेवलाय ते बरं केलं, मंगळवारी ठेवलं असतं तर मंगळ ग्रह मंदिराच्या गर्दीत रिक्षा पण मिळाली नसती.

आता हे आहे काय. मला वाटलं होतं ड्रॉइंग क्लास असेल. तसं नाही, चित्र काढायला येत नसलं तरी चालतं, किंबहुना चांगलं चित्र काढणाऱ्यांची इथे जास्त पंचाईत होते असं मी बघितलं, एक रिटायर्ड सर होते ते पहिले तीन रविवार फक्त शेडिंगच करत बसले. आपल्या आत जे काय साचलेलं असतं ना, बोलता येत नाही असं, ते आधी रंगात काढायचं, मग तेच हाता-पायाच्या हालचालीत, मग आवाजात, मग कागदावर लिहून. एका कलेत अडकलं की दुसरीत जायचं. साधी आर्ट थेरपी आणि ही यात हाच फरक, असं ताईंनी सांगितलं. (ताई म्हणजे शिकवणाऱ्या, नाशिकच्या. त्यांच्यासोबत धुळ्याचा एक पोरगा होता मदतीला, त्याचं पुढे येईल.)

पोरीने मला याचा सगळा इतिहास पण ऐकवला, तिला असाइनमेंट होती म्हणून. आर्ट थेरपी हा शब्द एड्रियन हिल नावाच्या इंग्रज चित्रकाराने १९४२ मध्ये काढला, तो स्वतः टीबी होऊन सॅनिटोरियममध्ये पडून होता तेव्हा चित्रं काढून त्याला बरं वाटायला लागलं, मग तो शेजारच्या खाटांवरच्यांना पण काढायला लावायचा. आणि ही सगळ्या कला एकत्र वापरायची पद्धत अमेरिकेत, केंब्रिज गावातल्या लेस्ली कॉलेजात १९७४ पासून शिकवायला लागले, शॉन मॅकनिफ आणि त्यांच्या सोबतच्या मंडळींनी. पुढे नॅटली रॉजर्स म्हणून एक बाई, मानसशास्त्रातल्या मोठ्या कार्ल रॉजर्सची मुलगी, तिने म्हणे बापाचं काम पुढे नेलं, बाप नुसता ऐकायचा आणि हिने लोकांना रंग-माती-नाच दिला. हे ऐकून मी पोरीला म्हटलं, अगं आमच्याकडे आखाजीला (म्हणजे अक्षय्य तृतीयेला) झोक्यावर सासुरवाशिणी गाणी म्हणायच्या, सासूला नवऱ्याला नाव ठेवायच्या, गुलाबाईच्या सणाच्या गाण्यांत पण तेच, ते काय होतं मग? ती म्हणाली ते पण थेरपीच आहे. मला ते काही पटलं नाही. झोक्यावर गाणं म्हणून उतरलं की परत पाणी भरायला जायचं होतं, कोणी विचारायला नव्हतं की बाई तू ते गाणं म्हणताना तुझा आवाज का फाटला. ताईंनी विचारलं. फरक तिथे आहे, आणि पंधराशे रुपये त्याचेच आहेत.

पहिला रविवार लाजण्यातच गेला. नाव सांगताना एक अॅक्शन करायची, मी सुईत दोरा ओवायची केली, सगळे हसले, मी पण. चौदा जण होतो, तीन पुरुष. बाकीच्यांबद्दल मी काही लिहिणार नाही कारण पहिल्याच दिवशी ठरलं की हॉलमधलं हॉलमध्ये राहील, त्यामुळे या रिव्ह्यूत जे काय आहे ते माझंच आहे.

दुसऱ्या रविवारी बॉडी मॅप. मोठा ब्राउन पेपर जमिनीवर टाकायचा, त्यावर आपण झोपायचं, दुसऱ्याने खडूने आपल्या भोवती रेघ मारायची आणि मग त्या आकारात आपल्या अंगात कुठे काय आहे ते रंगवायचं. साऊथ आफ्रिकेत केप टाऊनच्या खायेलित्शा वस्तीत एचआयव्ही असलेल्या बायकांनी साधारण २००२ मध्ये असं काम केलं होतं, तेव्हापासून हे सगळीकडे पसरलं. मला सुरुवातीला फार विचित्र वाटलं. पंचवीस वर्षं मी दुसऱ्यांची मापं घेतेय, छाती कंबर मुंढा बाही, आणि आता माझ्याभोवती कोणी खडू फिरवतंय, मला गुदगुल्या पण होत होत्या आणि कसंतरी पण होत होतं. रंगवायला बसले तर खांदे नुसते काळे करत सुटले. तेलकट खडू होता, तो संपला, शेजारणीचा घेतला. ताई म्हणाल्या काय आहे इथे. मी म्हटलं मशीनवर बसून बसून दुखतात. त्या म्हणाल्या बरं. पुढे काही बोलल्या नाहीत, ते मला आवडलं, नाहीतर लोकांना लगेच कारण सांगायची घाई असते.

तिसऱ्या रविवारी घरून एक जुनं कापड आणायचं होतं.

इथे थोडं माझं घरचं सांगावं लागेल. माझे वडील, आप्पा, प्रताप मिलमध्ये कामाला होते, आम्ही लहानपणी मिलच्या भोंग्यावर घड्याळ लावायचो. मिल गेली मग भाऊ सुरतेला उधनाला लूमवर गेला, आपल्याकडची निम्मी घरं तिकडेच आहेत, आणि आई गेल्यावर आप्पा पण त्याच्याकडे गेले. दर आखाजीला मात्र यायचे माझ्याकडे, नातीसाठी डांगर म्हणजे खरबूज घेऊन. २०२० ला आखाजी २६ एप्रिलला होती, लॉकडाऊन, आले नाहीत. मे महिन्यात गेले. करोना नव्हता, दम्याचा जुना त्रास होता. पास मिळाला नाही, मिळाला असता तरी गाडी नव्हती. भावाने स्मशानातून व्हिडिओ कॉल लावला, मला पत्र्याचं छत दिसलं आणि कोणाची तरी पाठ दिसली आणि नेटवर्क गेलं. झालं एवढंच. त्या रात्री माझ्याकडे मास्कची ऑर्डर होती, दुसऱ्या दिवशी सकाळी द्यायची होती. मी मास्क शिवले. रडू आलं नाही, येईल येईल म्हणत वाट बघितली तरी आलं नाही, आणि नंतर मग गेलंच ते.

पुढे काय झालं तर मला जेन्ट्स शर्ट कापता येईना. कटिंगला कापड टाकलं की हात थांबायचा. गिऱ्हाइकांना सांगितलं जेन्ट्स बंद केलं आता, डोळ्यांना त्रास होतो. डोळे ठणठणीत आहेत माझे. डॉक्टरकडे जाऊन आले, बीपी नॉर्मल, शुगर नॉर्मल, व्हिटॅमिनच्या गोळ्या घेऊन परत.

तर त्या रविवारी मी आप्पांचा शर्ट नेला, फिक्या निळ्या रंगाचा, भावाने नंतर पिशवीत घालून दिलेला. ताई म्हणाल्या, या कापडाला काय व्हायचंय ते विचारा. मी मनात म्हटलं, झालं, आता कापड बोलणार. अर्धा तास मी नुसती घडी घालत आणि उलगडत बसले. मग हाताला सवय असते ना, मी कॉलर उसवायला घेतली. आत बकरम पिवळं पडलेलं. आणि तेव्हा लक्षात आलं की ही कॉलर उलटवलेली आहे आणि उलटवली मीच होती, २०१७ की १८ ला, वरची बाजू विरली म्हणून काढून पालटून लावून दिली होती, आप्पा म्हणाले होते नवा शर्ट कशाला, अजून पाच वर्षं जाईल. आता दुसरी बाजू पण विरलेली होती. म्हणजे ते शेवटपर्यंत तोच घालत होते.

मग जे रडले ते रडले. मला वाटतं पाऊण तास. ताईंनी मिठी बिठी मारली नाही, पाण्याची बाटली जवळ सरकवली आणि बाजूला बसून राहिल्या. बाकीचे आपापलं करत राहिले, कोणी टक लावून बघितलं नाही. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, आत्ता पाय काय करतोय. बघितलं तर माझा उजवा पाय मशीनच्या पायट्यावर असल्यासारखा चालू होता. त्या म्हणाल्या चालू द्या, मोठा करा. मग मी जमिनीवर पाय आपटत बसले, बसल्या बसल्या, आणि तोंडातून मशीनचा आवाज काढत होते, आता आठवून हसू येतं पण तेव्हा हसू आलं नाही. आणि मग कागद दिला, लिहा म्हणाल्या, कुठल्या पण भाषेत. मी अहिराणीत लिहिलं, आप्पांशी मी मराठीत कधी बोललेच नव्हते. 'आप्पा, तुमनी कॉलर दोन्ही बाजूथीन घसाई गयी. आते मी काय उलटाडू?' एवढंच. दोन ओळी.

त्या शर्टाच्या तुकड्यांची मी नंतर एक घागर केली, कापडाची, चौकोनावर अॅप्लिक. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आपल्याकडे आखाजीला गेलेल्या माणसाच्या नावाने घागर भरतात, वर डांगर ठेवतात, आमरस-पुरणपोळीचा नैवेद्य. घागर मुलगा भरतो. आप्पांची सुरतेला भाऊ भरतो. माझ्या वाट्याला ती कधी आलीच नव्हती आणि मला ते टोचतंय हे पण मला माहीत नव्हतं. त्या चौकोनाला धावदोऱ्याने बाहेरून तीन ओळी घातल्या, एकदम सरळ, त्यात मी तडजोड करत नाही.

बरं वाटलं का? हा प्रश्न सगळ्याजणी विचारतात. झोप अजून कधी कधी दोनला मोडते. पण फेब्रुवारीच्या शेवटी समोरच्या मेडिकलवाल्याचा शर्ट कापला, पहिला, कॉलर पण नीट बसली. बोर्डावर परत जेन्ट्स लिहून घेतलं. पंधराशे वसूल झाले असं हिशोबाच्या भाषेत म्हणता येईल.

चौथ्या रविवारी नुसतं लिहिणं. जेम्स पेनबेकर म्हणून एक अमेरिकन प्राध्यापक, त्यांनी १९८६ मध्ये कॉलेजच्या पोरांना चार दिवस रोज पंधरा मिनिटं आपल्या सगळ्यात अवघड प्रसंगाबद्दल लिहायला लावलं, आणि नंतरच्या महिन्यांत ती पोरं दवाखान्यात कमी गेली असं आलं. आम्हाला पण चार दिवसांचा होमवर्क दिला. मी पावतीबुकाच्या मागच्या बाजूला लिहिलं, दुकान बंद केल्यावर. सांगून ठेवते, लिहिल्यावर त्या दिवशी बरं वाटत नाही, उलट जास्त जड वाटतं, ताईंनी हे आधी सांगितलं होतं म्हणून मी घाबरले नाही. हलकं नंतर वाटतं. आणि ते कोणाला दाखवायचं नसतं, मी चौथ्या दिवशी चुलीत टाकलं. पाचवा रविवार हालचालीचा, शेवभाजीचाही तोच. कोलकात्याची संवेद नावाची संस्था २००४ पासून मानवी तस्करीतून सुटून आलेल्या मुलींसोबत नाचाच्या थेरपीचं काम करते, त्याची माहिती सांगितली, ऐकून अंगावर काटा आला. पण आमच्या हॉलमध्ये हालचाल जमली नाही, जागा कमी, पुरुष समोर, पदर सांभाळत कोण नाचणार. बायकांचा वेगळा ग्रुप करायला पाहिजे होता, मी तिथे बोलले पण.

आता तक्रारी. पहिली भाषेची. ताई हुशार आहेत, मनाने चांगल्या आहेत, पण दर दोन वाक्यांनी 'स्पेस होल्ड करूया', 'ट्रिगर झालं का', 'हे प्रोसेस करा'. पारोळ्याकडच्या एक आजी होत्या, त्यांनी सरळ विचारलं, काय प्रोसेस व माय? तेव्हा तो धुळ्याचा पोरगा पुढे आला आणि त्याने सगळं अहिराणीत सांगायला सुरुवात केली, 'मनमां काय दाटी राहिनं ते कागदवर काढा', आणि खरं सांगते त्या दिवसापासून गाडी चालायला लागली. त्या पोराला ते मदतनीस म्हणतात, माझ्या मते निम्मी थेरपी त्याने केली. पैसे कमी देत असतील त्याला, असा माझा अंदाज.

दुसरी गोष्ट तक्रार नाही, सावध करते. हे शिकवणारं कोण आहे ते विचारा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला आपल्या देशात आरसीआयचं म्हणजे भारतीय पुनर्वसन परिषदेचं रजिस्ट्रेशन लागतं, कला-थेरपिस्टसाठी तसं सरकारी रजिस्टर चालू असल्याचं माझ्या तरी ऐकण्यात नाही, म्हणजे उद्या मी पण दुकानाबाहेर 'पिको-फॉल आणि आर्ट थेरपी' असा बोर्ड लावला तर मला कोण अडवणार. ताईंना मी पहिल्याच दिवशी विचारलं, तुम्ही काय शिकलात, त्यांनी न चिडता सांगितलं की सायकॉलॉजीत एमए आणि वर डिप्लोमा, आणि हे पण सांगितलं की मी डॉक्टर नाही, औषध लागत असेल तर मी थांबवणार नाही, जीव नकोसा वाटत असेल तर रविवारची वाट बघू नका, मानसोपचार डॉक्टरकडे जा किंवा १४४१६ ला फोन करा. हा सरकारचा टेलिमानस नंबर, २०२२ च्या ऑक्टोबरपासून चालू आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. हे जे सांगत नाहीत त्यांच्याकडे जाऊ नका. पोरीने या आधी एक ऑनलाइन दोन दिवसांचा कोर्स केलेला, पाच हजाराला एक रुपया कमी, त्यात मंडला म्हणजे गोल नक्षी रंगवायला लावली आणि शेवटी सर्टिफिकेट दिलं की तुम्ही आता थेरपिस्ट. दोन दिवसांत मी कोणाला साधा हुक लावायला शिकवू शकत नाही.

पोरीने मला डब्ल्यूएचओचा २०१९ चा रिपोर्ट पण दाखवला, तीन हजारांच्या वर अभ्यास बघून त्यांनी म्हटलंय की कलेचा तब्येतीला उपयोग होतो. मी म्हटलं मग मी व्हिटॅमिनच्या गोळ्या घेत फिरत होते तेव्हा मला हे कोणी का नाही सांगितलं. तिच्याकडे उत्तर नव्हतं.

आता शेवटचे तीन रविवार, हे वेगळंच प्रकरण आहे. हे अमळनेरहून नऊ किलोमीटरवरच्या एका गावात झाले, गावच्या बायका-पोरी आणि आम्ही शहरातले. तिथे फी नव्हती. जाहिरातीत 'सामाजिक बदल' असं लिहिलेलं होतं आणि मला वाटलं होतं आता स्वच्छतेवर भाषण होणार. तसं नव्हतं. गावातल्या आठवी-नववी-दहावीच्या पोरी शाळेला अमळनेरला येतात आणि संध्याकाळची बस कधी येते कधी येत नाही, फाट्यावर अंधार पडेपर्यंत उभ्या, मग कोणी काही बोलतं, मग घरचे म्हणतात बास झाली शाळा. पोरींनी हेच नाटक करून दाखवलं. दहा मिनिटांचं. शेवटी बाप दप्तर काढून घेतो.

मग धुळ्याच्या पोराने सांगितलं आता हेच परत होणार, पण ज्याला वाटेल इथे चुकतंय त्याने 'थांबा' म्हणायचं आणि स्वतः आत जाऊन त्या माणसाच्या जागी उभं राहायचं. ही पद्धत ब्राझीलच्या ऑगस्टो बोआल यांची, तिकडे लष्करी राज्य होतं, त्यांना १९७१ मध्ये पकडून मारहाण केली आणि देश सोडायला लावला, नंतर परत येऊन ते रिओ शहरात नगरसेवक झाले आणि लोकांच्या नाटकांतून निघालेले तेरा कायदे करून घेतले म्हणतात. बंगालमध्ये जन संस्कृती नावाची मंडळी १९८५ पासून गावोगाव हेच करतात. मला आधी वाटलं आपल्या गावात कोण उठणार. पहिल्या 'थांबा' ला पाच मिनिटं गेली, शांतता, मागे बकरी ओरडतेय. मग एक म्हातारी उठली, आईच्या जागी गेली आणि म्हणाली मी रोज फाट्यावर येईन पोरींसोबत. टाळ्या. तर तिचीच सून मागून म्हणते, कापूस वेचायला मग कोण जाईल? परत शांतता. एक दादा उठला, बापाच्या जागी, म्हणतो सायकल घेऊन देतो. पोरगी (नाटकातली) म्हणाली अंधारात सायकलवर मला अजून भीती वाटेल. मग एकीने म्हटलं सगळ्या आईबापांनी मिळून डेपोत जायचं, एकेकट्याने नाही. त्यावर जी भांडणं सुरू झाली की कोण जाईल, कोणाच्या मोटारसायकलवर, बायका गेल्या तर जेवण कोण करेल, की नाटक राहिलं बाजूला आणि तिथे सभाच झाली. मी आजवर ग्रामसभा अशी झालेली बघितली नाही.

गावातल्या दुसऱ्या रविवारी गोधडी. ही माझी लाइन. चिलीमध्ये १९७३ ला लष्कराने सत्ता घेतली, माणसं उचलून नेली ती परत आलीच नाहीत, तेव्हा त्यांच्या बायका-आया जमून गोणपाटावर कापडाचे तुकडे जोडून चित्रं शिवायच्या, आर्पियेरा म्हणतात त्यांना, काही वेळा हरवलेल्या माणसाच्याच शर्ट-पॅन्टचे तुकडे वापरायच्या. चर्चच्या मदतीने त्या कापडी चित्रांच्या घड्या देशाबाहेर जायच्या आणि तिकडे काय चाललंय ते जगाला कळायचं. पोलिसांना आधी वाटायचं बायका शिवणकाम करतायत, करू द्या. हे ऐकून मला त्या कॉलरीची फार आठवण आली. आमच्या गोधडीत बावीस चौकोन झाले, प्रत्येकीचा एक: फाटा, बस, कंदील, दप्तर, एका पोरीने नुसता काळा चौकोन शिवला आणि त्यात एक पिवळा टिपका, तो बसचा लाइट. मी जोडणी केली. आयोजकांनी दोरा हलक्या प्रतीचा आणला होता आणि लाल कापडाचा रंग पहिल्याच धुण्यात सुटणार हे मला हात लावताच कळलं, मी सांगितलं, तरी तोच वापरला कारण बजेट. सुटला.

१ मे च्या ग्रामसभेत ती गोधडी टांगली. मी मुद्दाम गेले. एकसष्ट सह्या आणि अंगठ्यांचा अर्ज डेपोत गेला. शाळा उघडल्यावर काही आठवडे बस वेळेवर आली, पोरी पाचच्या ठोक्याला फाट्यावर. मग पाऊस लागला आणि परत मागचं पुढचं झालं, आता आठवड्यातून दोन-तीन दिवस नीट येते असं ऐकते. दुसरा अर्ज तयार आहे. एका पोरीचं शाळेतलं नाव मात्र निघालंच, ती नाटकात बाप झाली होती.

माझा आधी आक्षेप होता की आप्पांचं दुःख आणि गावची बस, यांचा एकमेकांशी काय संबंध, एकाच कोर्समध्ये का कोंबलंय. आता तसं वाटत नाही. पोरींना नुसतं फाट्याची भीती रंगवायला लावून, रडवून, चहा पाजून घरी पाठवलं असतं तर दुसऱ्या दिवशी त्या परत अंधारात तिथेच उभ्या. आणि माझ्या बाबतीत पण पास मिळाला असता तर निम्मं दुखणं झालंच नसतं, हे मला तिथे गावात बसून सुचलं, शहरातल्या हॉलमध्ये नाही.

सगळ्यात मोठी तक्रार पण गावचीच आहे. गोधडीचा आणि बायकांचा फोटो संस्थेच्या इन्स्टाग्रामवर गेला, चेहऱ्यांसकट, कोणालाही न विचारता. हॉलमध्ये आमच्यासाठी नियम की बाहेर काही जाणार नाही, आणि गावच्या बायकांसाठी नियम नाही? एकीच्या नवऱ्याने घरी तमाशा केला. मी, पोरगी आणि दोघी-तिघी जाऊन बोललो तेव्हा काढला, माफी पण मागितली, पण चार दिवस तो होता तिथे. आणि गोधडी अजून संस्थेच्या ऑफिसात आहे, प्रदर्शनाला नेतात म्हणे. ती गावची आहे, गावात पाहिजे. याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

स्टार द्यायचेच तर हॉलमधल्या रविवारांना साडेचार, गावच्या कामाला साडेतीन, फोटोच्या भानगडीला शून्य आणि पत्र्याच्या हॉलला दोन, ते पण चहामुळे. आपलं माणूस गेलंय, काहीतरी अडकून बसलंय आणि बोलायला गेलं की शब्द येत नाहीत अशांनी जावं. नुसती हौस म्हणून चित्रकला शिकायची असेल तर जाऊ नका, तुम्हाला पण बोअर होईल आणि बाकीच्यांना पण. पंधराशे एकदम जमत नसतील तर दोन हप्त्यांत घेतात, मी विचारून घेतलंय. पुढची बॅच दिवाळीनंतर आहे. कपड्याच्या रविवारी कात्री आपापली घेऊन जा, त्यांच्याकडच्या कागद कापायच्या आहेत, कापड चावतात नुसतं.